माळशेजमार्गे ओतूर

रवींद्र दूध घेऊन वर आला तेव्हा मृणाल ओट्याशी चहाचं आधण ठेवून उभी होती. एवढा वेळ कुठे होतात, असं ती विचारणार होती. पण त्याच्या तोंडाकडे बघून तिने गॅस बंद केला. त्याने स्वयंपाकघराचं दार मागे ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "दीपू गेला."

तिला क्षणभर कळलंच नाही. दीपू म्हणजे रत्नदीप, तिचा धाकटा दीर. ओतूरच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. शनिवारची सकाळची शाळा, म्हणून अंधुक उजेडातच मोटारसायकलवर निघालेला. गावाबाहेरच्या वळणावर समोरून टेम्पो आला. दवाखान्यात न्यायचीही वेळ आली नाही. त्याच्या बायकोचा, प्राचीचा भाऊ सलिल तिथेच राहायचा; त्याने फोन करून कळवलं होतं.

मृणालने पदर तोंडात कोंबला. बाहेरच्या खोलीत तिच्या सासूबाई, केशरबाई, बुद्धमूर्तीपुढे उदबत्ती लावून वंदना म्हणत होत्या. त्यांचा आवाज दारातून स्पष्ट ऐकू येत होता.

"आईंना…"

"इथे नाही सांगायचं," रवींद्र म्हणाला. "बाबांच्या वेळेस काय झालं, तू बघितलंयस."

चार वर्षांपूर्वी तिचे सासरे कुंडलिक गेले, तेव्हा डॉक्टरांच्या तोंडून शब्द बाहेर पडताच केशरबाई हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये उभ्याच्या उभ्या कोसळल्या होत्या. बाकड्याची कड डोक्याला लागली, मग हृदयाचंही दुखणं निघालं, आणि नवऱ्याच्या अंत्यविधीला त्यांना जाता आलं नव्हतं. तेव्हापासून नौपाड्यातले त्यांचे डॉक्टर दर खेपेला बजावायचे, बाईंना धक्का सोसणार नाही.

"गाडीत सांगितलं आणि घाटात काही झालं तर? तिथे मैलोन् मैल डॉक्टर नाही," रवींद्र म्हणाला. "ओतूरला दीपूच्या घरासमोरच डॉक्टर राहतात. ते येऊन बसतील, मग सांगू."

"तोवर मी त्यांच्याशेजारी बसून काय बोलू?"

"काहीही बोल," तो म्हणाला. त्याने नळाखाली तोंड धुतलं, पुसलं, आणि दार उघडून बाहेर गेला. मृणालला त्याचा आवाज ऐकू आला, नेहमीसारखाच, थोडा जास्तच मोकळा. "आई, आज चौथा शनिवार. बँकेला सुट्टी आहे. दीपूकडे जाऊन येऊ या का?"

वंदना अर्धवट राहिली नाही. केशरबाईंनी ती पुरी केली, मूर्तीपुढे डोकं टेकलं आणि मगच मागे वळून म्हणाल्या, "आत्ता? असं एकाएकी?"

"एकाएकीच जाणं होतं. ठरवलं की राहतं."

"हे मात्र खरं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला की मृणाल आतल्या खोलीत निघून गेली.

कोपरीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात पुढचा अर्धा तास केशरबाईंचीच लगबग होती. त्यांनी दिवाळीला घेतलेली गुलबक्षी साडी काढली. मृणाल म्हणाली, "आई, प्रवासात ही कशाला? मळेल. ती फिकी नेसा ना."

"मळली तर धुता येते गं. नुसती कपाटात ठेवून काय करू?"

मग त्यांनी सुकटीची चटणी बरणीत भरली. दीपूला ती लहानपणापासून प्रिय, आणि ओतूरला अशी मिळत नाही म्हणून तो प्रत्येक फोनवर आठवण करायचा. नातीसाठी, श्रियासाठी, त्यांनी विणलेलं लाल स्वेटर पिशवीत घातलं. मृणालने आपल्या बॅगेत कपड्यांच्या तळाशी दोन पांढऱ्या साड्या ठेवल्या आणि त्यांच्यावर टॉवेल दाबून बसवला.

गाडी निघाली तेव्हा ऊन कोवळं होतं. केशरबाई मागे खिडकीशी बसल्या, मृणाल त्यांच्या शेजारी. मुंब्र्याचा बायपास ओलांडून शीळफाट्याला आले तर नेहमीसारखी कोंडी. कंटेनरच्या मागे गाडी उभी असताना पुढच्या स्क्रीनवर सलिलचं नाव उमटलं आणि रिंग सगळ्या गाडीभर घुमली. रवींद्रने झटकन फोन कापला आणि गाडीच्या स्पीकरपासून तोडून टाकला.

"कोण रे?" केशरबाईंनी विचारलं.

"बँकेतला. सुट्टीच्या दिवशी पण सोडत नाहीत."

मिनिटभराने मृणालच्या फोनवर सलिलचा मेसेज आला. पोस्टमॉर्टेमला दुपार होईल. प्राची म्हणतेय, आईंना लवकर आणू नका. चेहऱ्याला खूप लागलंय. घरी आणून नीट धुऊन, पट्टी बांधून घेतो, मग आणा. त्यांनी असं बघायला नको.

मृणालने तो दोनदा वाचला. मग हात लांबवून फोन पुढे दिला. "अहो, हे बघा जरा." त्याने वाचला आणि परत केला. कोंडी सुटली, गाड्या सरकल्या. डोंबिवलीच्या बाजूने कल्याण मागे पडलं. शहाडचा पूल उतरल्यावर तो म्हणाला, "आई, आज घाई नाही आपल्याला. तुला कुठे थांबावंसं वाटलं तर सांग."

"खरंच थांबशील?"

"सांग तू."

केशरबाई हसल्या. मृणालकडे वळून म्हणाल्या, "लग्न होऊन कोपरीला आले तेव्हापासून ह्या रस्त्याने गावाला जातेय-येतेय. कल्याणहून ओतूरची एसटी. बस कुठं थांबते? मुरबाडला, टोकावड्याला. बाकी सगळं खिडकीतनं. एवढा माळशेज घाट, लोकं लांबून लांबून बघायला येतात, पण माझा पाय म्हणून कधी तिथं टेकला नाही. ह्यांना म्हणायचे, एकदा उतरू या. तर म्हणायचे, उतरलो तर पुढची गाडी तुझा बाप आणणार का?"

मृणाल हसली. हसू आलं ह्याचंच तिला नवल वाटलं.

पहिल्यांदा त्या रायत्याच्या पुलाशी थांबल्या. पावसाळा सरत आलेला, पण उल्हास नदी अजून दोन्ही काठ धरून वाहत होती. रवींद्रने पुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. केशरबाई कठड्याला हात लावून पाण्याकडे बघत राहिल्या. पलीकडच्या काठाला बगळे बसले होते.

"दीपू ह्या पुलावर हमखास ओकायचा," त्या म्हणाल्या. "कल्याणला बसवलं की इथपर्यंत ठीक. पूल आला की तोंड पांढरं. आणि रवी काय करायचा, आधीच उठून दुसऱ्या सीटवर जाऊन बसायचा. आठवतं का रे?"

"आठवतं," रवींद्र म्हणाला.

"भावाला धरायचं सोडून पळायचास."

तो गाडीकडे गेला आणि काच पुसू लागला. काच स्वच्छच होती.

मुरबाड गेलं, सरळगाव गेलं. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेला. टोकावड्याच्या पुढे डोंगर एकदम समोर उभे राहिले, आभाळापर्यंत भिंत घातल्यासारखे, आणि उजवीकडे नाणेघाटाजवळचा तो नानाचा अंगठा. केशरबाईंनी थांबायला सांगितलं. औषधाच्या गोळ्यांची वेळही झाली होती. रस्त्याकडेला ताडपत्रीखाली एक चहाची टपरी होती. गरम वडे निघत होते. तिघं बाकड्यावर बसले. केशरबाईंनी वडा खाल्ला, गोळ्या घेतल्या, आणि बघितलं तर रवींद्रची बशी तशीच.

"खा की."

"ॲसिडिटी झालीय गं."

"उपाशीपोटी गाडी चालवतोस म्हणून होते. खा. मी बघतेय."

त्याने वडा उचलला. मृणालला बघवेना, ती डोंगराकडे बघत राहिली. तो एकेक घास चावत होता आणि पाण्याने खाली ढकलत होता. बशी रिकामी झाली तेव्हाच केशरबाई उठल्या.

शेजारी एक आदिवासी बाई काकड्या घेऊन बसली होती, हातभर लांब, पिवळट हिरव्या, गावठी. केशरबाई तिच्यापुढे उकिडव्या बसल्या, एकेक काकडी नखाने टोचून वास घेऊ लागल्या.

"कुठं निघालात, आजी?" बाईने विचारलं.

"लेकाकडं. ओतूरला मास्तर आहे. त्याला भाकरीबरोबर कोशिंबीर लागते, दाण्याचं कूट घालून. कडू निघाली तर बघ हां, परत येताना थांबीन."

"नाही निघायची कडू. माझ्याच दारची हाये."

मृणालने काकड्यांची पिशवी उचलून डिकीत ठेवली. रवींद्र तिथे उभा होता. ती दातांवर दात धरून म्हणाली, "मला नाही जमत हे. सांगून टाकू या. इथे माणसं आहेत, मुरबाड जवळ आहे, लागलं तर मागे फिरू."

"आणि मागे फिरावं लागलं तर? बाबांना नाही बघितलं तिने. दीपूलाही नाही बघायचं?"

मृणालने डिकी लावली.

घाट चढायला लागले आणि हवा बदलली. कड्यांवरून अजून पाण्याच्या बारीक धारा उतरत होत्या, उतारांवर सोनकीची पिवळी फुलं पसरली होती. केशरबाईंनी काच खाली घेतली आणि चेहरा वाऱ्याला दिला. एका वळणावर, रस्ता जरा रुंद आहे तिथे, पाणी थेट कडेला पडत होतं आणि चार-पाच गाड्या उभ्या होत्या. "इथं," त्या म्हणाल्या.

त्यांनी चपला गाडीतच काढल्या. मृणालने दंडाला धरलं. गुलबक्षी साडी घोट्याच्या वर धरून त्या वाहत्या पाण्यात उभ्या राहिल्या आणि एकदम ओरडल्या, "अगं बाई! केवढं गार!" मग हसायला लागल्या. वारा पाणी उडवत होता, त्यांचे पांढरे केस कपाळाला चिकटले, आणि त्या तोंडावर हात न धरता, लहान मुलीसारख्या हसत होत्या. मृणालने लग्न झाल्यापासून त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. शेजारच्या गाडीतली मुलंही बघून हसली.

"फोटो काढ माझा," त्या म्हणाल्या. "पायासकट येऊ दे."

मृणालने काढला.

"दीपूला पाठव."

"आता पोचूच ना आपण, तिथेच दाखवू."

"नको, आत्ता पाठव. मला म्हणायचा, आई, एकदा गाडी घेईन आणि तुला घाटात उतरवीन. म्हणावं, बघ, तुझ्या आधी उतरले."

मृणालने रवींद्रकडे पाहिलं. तो कठड्याशी पाठमोरा उभा होता. केशरबाई पाण्यातून बाहेर येऊन तिच्या खांद्याला खांदा लावून फोनमध्ये बघत होत्या. त्यांना अक्षरं वाचता येत होती, नावं कळत होती. मृणालने 'रत्नदीप भाऊजी' उघडलं. वर पंधरा दिवसांपूर्वीचा त्याचा मेसेज होता, श्रियाच्या शाळेच्या बक्षिसाचा. तिने फोटो पाठवला. एक टिक आली, मग दोन. ती फोन बंद करणार तेवढ्यात दोन्ही निळ्या झाल्या.

"बघितला!" केशरबाईंनी टाळी वाजवली. "बघितला त्यानं. शाळा सुटली वाटतं."

दीपू फोन घरी विसरून गेला होता, एवढं सलिलने सकाळी सांगितलं होतं. तो कोणाच्या हातात असेल हे मृणालला लगेच कळलं. ती म्हणाली, "आई, चला, पाय पुसा, थंडी बाधेल," आणि खाली वाकून त्यांचे पाय पुसू लागली. वाकलेलं असताना निदान तोंड दिसत नाही. तिने ते जरुरीपेक्षा जास्त वेळ पुसले.

"काय लिहिलंय का त्यानं?"

"रेंज गेली."

बोगदा मागे पडला. घाटमाथ्यावर ढग रस्त्यावर उतरले होते; ते ओलांडून खुबी फाट्याकडे आले तेव्हा ऊन निघालं आणि डाव्या हाताला पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी उघडलं. केवढं तरी पाणी, आणि पलीकडे हरिश्चंद्रगडाचा डोंगर. इथे थांबायला केशरबाईंनी सांगितलं नाही. रवींद्रच थांबला. "मी फोन करून येतो," म्हणाला आणि उतारावरून पाण्याच्या दिशेने गेला.

मृणाल आणि केशरबाई गाडीत बसून राहिल्या. केशरबाई चिंच चोखत होत्या. टपरीवरून त्यांनी पुडी घेतली होती. रवींद्र बोलताना दिसत होता. मग त्याने फोन खिशात ठेवला. तो तसाच उभा राहिला. आणि मग हळूहळू खाली गवतात बसला. त्याची पाठ हलत होती.

केशरबाईंची चिंच तोंडातच राहिली. "रवी रडतोय का गं?"

मृणालने पर्स जवळ ओढली.

"मृणाल. रवी का रडतोय?"

तिने त्यांच्याकडे तोंड वळवलं. सकाळपासून मनात शंभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आलं नाही. तिने एका हाताने त्यांचे दोन्ही हात धरले. "आई, दीपूभाऊजी गेले. गाडीचा अपघात झाला."

केशरबाई कोसळल्या नाहीत. मृणाल त्यांना धरायला सरसावली होती, एक हात पर्समधल्या जिभेखालच्या गोळीवर होता. पण त्या तशाच ताठ बसून राहिल्या. गाडीशेजारून एक एसटी घरघरत गेली. मग त्यांनी विचारलं, "कधी?"

"सकाळी."

"सकाळी म्हणजे? आपण निघाल्यावर का आधी?"

"आधी."

"घरी असताना कळलेलं तुम्हाला."

"हो."

त्यांनी हात सोडवून घेतले. दार उघडलं आणि खाली उतरल्या. मृणाल मागोमाग धावली. केशरबाईंनी तोंडातली चिंच थुंकली. "पाणी दे," म्हणाल्या. मृणालने बाटली दिली. त्यांनी चूळ भरली, थुंकली. पुन्हा भरली. पुन्हा. बोट घालून दात चोळले, जीभ घासली. पाणी हनुवटीवरून त्या साडीवर सांडत होतं. "वडा खाल्ला मी," त्या म्हणत होत्या. "सकाळपास्नं खातेय मी. हसतेय. पाण्यात काय उभी राहिले… अगं, माझं पोर तिथं पडलेलं, आणि तुम्ही मला फिरवत होता?"

रवींद्र वर आला होता. "आई, तुझ्या तब्येतीसाठी…"

त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. बाटली रिकामी झाली तेव्हा मृणालला म्हणाल्या, "पांढरं काही आणलंयस का?"

गाडीच्या दोन्ही दारांच्या आडोशाला, मृणालने धरलेल्या टॉवेलमागे, त्यांनी साडी बदलली. गुलबक्षी साडीचा बोळा तिच्या हातात दिला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. वाटेत एकदा हुंदका आला तर त्यांनी तो आवंढ्यासारखा गिळला.

घरासमोर माणसांची दाटी होती. शाळेची मुलं गणवेशातच रस्त्याच्या कडेला रांगेने उभी होती. दीपूला ओसरीवर आणून ठेवलं होतं. डोक्यावरून कानाखाली पट्टी गुंडाळलेली, एक गाल आणि डोळा तेवढा मोकळा. केशरबाई त्या मोकळ्या गालाशी बसल्या. त्यांनी त्यावर हात ठेवला आणि मग जो आवाज त्यांच्या छातीतून निघाला तो ऐकून बाहेरची मुलं रडायला लागली. समोरचे डॉक्टर दोनदा येऊन नाडी बघून गेले. केशरबाईंना काही झालं नाही. संध्याकाळी त्रिसरण-पंचशील झालं, मेणबत्त्या लावल्या, आणि नदीकाठच्या स्मशानभूमीपर्यंत त्या प्राचीचा हात धरून चालत गेल्या.

दुसऱ्या दिवशी भांडी आवरताना प्राची मृणालला म्हणाली, "ताई, तो फोटो मी बघितला."

मृणालला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "त्या शेजारी उभ्या होत्या गं. मला सुचलंच नाही काही."

"माझ्याच हातात होता त्यांचा फोन. वाजला, तर वाटलं…" प्राची थांबली. "मला राग नाही आला. आई इतक्या हसत होत्या. मला एवढंच वाटलं, जगात अजून एक माणूस आहे, ज्याच्यासाठी ते शाळेत शिकवतायत. मला तो बंदच करवेना."

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. रवींद्रने गाडी दारात आणली तेव्हा केशरबाई श्रियाची वेणी घालत होत्या. त्या म्हणाल्या, "मी इथंच राहतेय." त्याच्याशी नव्हे, मृणालशी. "प्राचीला नोकरीसाठी धावपळ करावी लागेल. पोरीजवळ कोणीतरी हवं." कारण खरंच होतं. पण ते एकच कारण नव्हतं हे तिघांनाही माहीत होतं. मृणालला त्यांनी आत बोलावून एवढंच सांगितलं, "चांगल्यासाठीच केलंत, ते कळतं मला. पण माझं दुःख माझं होतं गं. ते मला कधी द्यायचं, हे ठरवणारे तुम्ही कोण?"

त्यानंतर रवींद्र दर रविवारी ओतूरला जाऊ लागला. मृणाल बहुतेक वेळा बरोबर असायची. पहाटे कोपरीहून निघायचं, कुठेही न थांबता पोचायचं. तो औषधं न्यायचा, प्राचीची कागदपत्रं घेऊन कार्यालयात कुठे कुठे जायचं ते सलिलबरोबर ठरवायचा, श्रियाला शाळेचं सामान आणून द्यायचा. केशरबाई त्याला जेवायला वाढायच्या. भाकरी संपली की न विचारता दुसरी टाकायच्या. पण बोलायच्या नाहीत. तो "आई, गोळ्या वेळेवर घेतेस ना?" विचारायचा तर त्या श्रियाला म्हणायच्या, "बाळा, पाणी आण काकाला." फोन केला तर प्राचीच उचलायची. परतीच्या वाटेवर घाटात ते वळण आलं की रवींद्र गाडीचा वेग वाढवायचा.

तो वाळत चालला होता. कॉलरमधून मान वेगळी दिसायची. मृणाल रात्री कूस बदलताना बघायची तर तो छताकडे डोळे लावून. दीपूचं नाव त्याने एकदाही काढलं नाही. धरणाच्या काठी जेवढा रडला तेवढाच.

डिसेंबरातल्या एका रविवारी केशरबाई अंगणात उन्हाला बसून पावटा सोलत होत्या. रवींद्र समोर येऊन बसला आणि सुपातल्या शेंगा घेऊन सोलायला लागला. मृणाल आणि प्राची आत चुलीपाशी होत्या. दार उघडं होतं. शेंगा फुटल्याचा आवाज येत होता.

"तुला कुणी सांगितलं रे?" केशरबाईंनी विचारलं.

मृणालच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या त्याच्याशी बोलत होत्या.

"सलिलने. फोन आलेला."

"कुठं होतास?"

"दुधाच्या दुकानात. पिशवी हातात होती." तो शेंगेकडे बघत बोलत होता. "फोन ठेवला आणि दुकानदाराला म्हटलं, अजून एक पिशवी द्या. कशाला मागितली, माहीत नाही. मग घराकडे यायचं तर स्टेशनकडेच चालत गेलो. तिथून परत फिरलो. बिल्डिंगखाली आलो तर तू खिडकीत उभी. कुंड्यांना पाणी घालत होतीस. तू हात केलास, मीपण केला. मग दुसऱ्या मजल्यावर जिन्यात बसलो."

"जिन्यात?"

"वर यायला पाय उचलेना, आई. ते वरच्या मजल्यावरचे काका उतरले, म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, चप्पल तुटली."

केशरबाईंचे हात थांबले.

"एकटाच बसलास?"

"हो."

"आणि मग वर येऊन मला म्हणालास, दीपूकडं जाऊ."

"हो."

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. आतून मृणालला त्यांचा चेहरा दिसत होता. काहीतरी मोजून बघितल्यासारखा, आणि मोजता मोजता हिशेब चुकल्यासारखा. त्यांनी मांडीवरचं सूप उचलून खाली ठेवलं.

"अरे, तुझा पाठचा भाऊ होता तो," त्या म्हणाल्या. "मी माझ्याच पोराचं धरून बसले. तू नीट रडलास का रे?"

रवींद्रने मान हलवली. हो की नाही, कळलं नाही. मग कोपराची घडी डोळ्यांवर दाबली आणि तोंड उघडून, आवाज करून रडायला लागला. केशरबाई जागच्या उठल्या नाहीत. सरकत सरकत त्याच्याजवळ गेल्या आणि तापलेल्या मुलाचं अंग बघावं तसा त्याच्या मानेवर हात ठेवला. "रड," म्हणाल्या, "रड बाबा." त्याही रडत होत्या. श्रिया दारात येऊन उभी राहिली तर प्राचीने तिला हलकेच मागे घेतलं.

जेवणं उशिरा झाली. दुपारी निघताना मृणालने विचारलं, "आई, येता का आता घरी?" केशरबाईंनी नाही म्हटलं. प्राचीचं काम अजून झालं नव्हतं, श्रिया त्यांच्याशिवाय झोपत नव्हती. आणि इथे सकाळी उठलं की नदीकाठापर्यंत चालत जाता येतं, त्या म्हणाल्या. कोपरीहून ते नाही जमायचं.

त्या गाडीपर्यंत आल्या. वेगळ्या काढून ठेवलेल्या पावट्याच्या शेंगांची पिशवी त्यांनी मृणालच्या पायाशी ठेवली. मग वळसा घालून रवींद्रच्या खिडकीशी गेल्या.

"घाटात धुकं उतरतं हल्ली. अंधाराच्या आत खाली पोच."

"हो."

"आणि घरी गेलास की फोन कर. प्राचीला नको. मला कर."